समुद्रतळाच्या गाळातलं ‘सेंद्रिय’: जैव म्हणावं, कार्बनी म्हणावं की सेंद्रियच?

प्रश्न असा आहे: सागरी गाळावरच्या लेखांत ‘सेंद्रिय पदार्थ’ हा शब्दप्रयोग सारखा येतो. पण ‘सेंद्रिय’ म्हटलं की रासायनिक खतांशिवाय पिकवलेला भाजीपालाच डोळ्यांपुढे येतो. मग गाळाबाबत ‘जैव’ किंवा ‘कार्बनी’ म्हणणं जास्त नेमकं नाही का?

नाही, सेंद्रियच ठेवावं. शेतीतला अर्थ मागाहून आला, त्यासाठी रसायनशास्त्राने आपला शब्द सोडायचं कारण नाही.

स + इंद्रिय, म्हणजे इंद्रियांसहित. असे पदार्थ फक्त सजीवांच्या शरीरातच घडतात, अशी पूर्वी समजूत होती. 1828 साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रीडरिख व्योलरने अमोनियम सायनेट या निरिंद्रिय क्षारापासून, मूत्रात आढळणारा युरिया तयार केला आणि त्या समजुतीला तडा गेला. शब्द मात्र टिकला. आज त्याचा अर्थ व्युत्पत्तीवरून नव्हे, वापरावरूनच लावायचा.

आता ‘जैव’ का नको ते पाहू. समुद्रतळावर फोरामिनिफेरांसारख्या सूक्ष्म जीवांच्या कवचांचे थरच्या थर साचतात. ही कवचं जिवांनीच घडवलेली, म्हणजे उगमाने शंभर टक्के जैव. पण ती आहेत कॅल्शियम कार्बोनेटची, म्हणजे निरिंद्रिय. ‘जैव पदार्थ’ म्हटलं की ही कवचंही त्यात शिरतात आणि घोळ होतो.

‘कार्बनी’ची अडचण तर याहून ठसठशीत आहे, कारण कार्बोनेटमध्येही कार्बन असतोच. प्रयोगशाळेत गाळाच्या नमुन्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल घातलं की तो फसफसतो: कार्बोनेट विरघळून त्यातला कार्बन डायॉक्साइड वायू होऊन निघून जातो. उरलेला नमुना सुकवून जाळतात आणि त्यातून निघणारा कार्बन डायॉक्साइड मोजतात. हा जो आम्लाला न बधलेला कार्बन, तो ‘सेंद्रिय कार्बन’. दोन्ही कार्बनच, फरक विशेषणातच आहे. तेच काढून ‘कार्बनी’ लिहिलं तर मोजलं काय, हेच कळणार नाही.

मग हा सेंद्रिय पदार्थ येतो कुठून? बराचसा वरच्या उजेडाच्या थरात वाढणाऱ्या प्लवकांकडून, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या शैवालासारख्या सूक्ष्म जिवांकडून, काही नद्यांनी वाहून आणलेल्या जमिनीवरच्या वनस्पतींकडून. प्लवक मेले की खाली येता येता त्यांचा बहुतेक भाग जिवाणू फस्त करतात. तळात कायमचं गाडलं जातं ते वर तयार झालेल्याच्या एक टक्क्याहूनही कमी. उगम ओळखायची एक सोपी खूण म्हणजे कार्बन-नायट्रोजनचं गुणोत्तर. शैवालात प्रथिनं भरपूर, म्हणून नायट्रोजनही भरपूर, आणि गुणोत्तर साधारण 4 ते 10. जमिनीवरच्या झाडांत सेल्युलोज आणि लाकडाला कडकपणा देणाऱ्या लिग्निनचा भरणा, त्यामुळे ते 20च्या वर जातं. खुद्द लिग्निन सापडलं तर प्रश्नच मिटला. प्लवक ते बनवत नाहीत. (इथे ‘सेंद्रिय’बरोबर ‘सागरी’ किंवा ‘भूजन्य’ असं आणखी एक विशेषण लावावं. ‘सागरी गाळातला सेंद्रिय पदार्थ’ सागरीच असतो असं नाही, हे लिहिणारे फार विसरतात.)

गाडलेल्या पदार्थाचं पुढे जे होतं त्याला ‘केरोजेन’ म्हणतात: मोठमोठ्या रेणूंचं गुंतागुंतीचं मिश्रण, नेहमीच्या सेंद्रिय द्रावकांत न विरघळणारं. पुरेशी उष्णता मिळाली तर त्यातूनच खनिज तेल आणि वायू तयार होतात. हे नाव स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञ अलेक्झांडर क्रम ब्राउनने 1906 साली स्कॉटलंडमधल्या तेल देणाऱ्या शेल खडकाच्या संदर्भात दिलं. ग्रीक ‘कीरोस’ म्हणजे मेण. त्याला ‘मेणजनक’ असा प्रतिशब्द घडवण्याच्या फंदात पडू नये, कारण केरोजेन तापवल्यावर नेहमी मेणच मिळतं असं नाही. केरोजेन असंच लिहावं.

राहता राहिला ‘गाळ’. काही जण त्याऐवजी ‘अवसाद’ लिहितात. पारिभाषिक म्हणून चुकीचं नाही, पण ‘सागरी अवसादातील सेंद्रिय पदार्थ’ वाचून समुद्र खिन्न झाल्यासारखं वाटतं. मी गाळच लिहितो.