किंडरगार्टनमध्ये मोठी, घरी बोबडी

माझं माहेर सांगलीचं. आता आम्ही जर्मनीत श्टुटगार्टजवळ राहतो. मुलगी पावणेपाच वर्षांची आहे. किंडरगार्टनमध्ये जर्मन छान बोलते, बाई कौतुक करतात. घरात पाऊल टाकलं की सूर बदलतो. 'छकुलीला भूत लादली', 'मी नाई दानाल', तेही नाकात. धाकटा आठ महिन्यांचा आहे, तो झाल्यापासून हे फार वाढलंय. समजावलं, रागावले, एकदा तिची नक्कल करून दाखवली तर ती रडत झोपली. आई व्हिडिओ कॉलवर म्हणते, 'राहू दे गं, किती गोड बोलती!' मला मात्र तो आवाज ऐकला की डोकं उठतं. काय करू?

* * *

डोकं उठतं म्हणून स्वतःला वाईट आई ठरवू नका. दिवसभर तान्ह्याचं रडणं ऐकलेल्या कानांवर संध्याकाळी मोठीचाही तसाच सूर पडला, तर कुणीही वैतागेल.

धाकटा भाऊ हे कारण आहेच. भावंड आलं, घर बदललं, शाळा सुरू झाली की या वयातली बरीच मुलं मागे जातात. कुणी पुन्हा बाटली मागतं, कुणाची चड्डी ओली होते, कुणी बोबडं बोलायला लागतं. ज्याला बोलता येत नाही त्याला सगळे पटकन उचलतात, हे तिनं रोज पाहिलंय. त्यात आपण वर ऐकवतो, 'तू आता ताई झालीस ना?' ताईच्या वाट्याला नुसता समजूतदारपणा येणार असेल तर तिनं ताई का व्हावं? बाळाला नाही असा एखादा हक्क तिला द्या. रात्री थोडं उशिरा झोपणं, किंवा शनिवारी बाबांबरोबर बेकरीत जाऊन पाव स्वतः निवडणं.

पण तुमच्या पत्रात मला भावाइतकीच महत्त्वाची वाटली ती दुसरी गोष्ट: जर्मन ती छान बोलते. मग बोबडेपणा मराठीतच का? एक दिवस घरातली मराठी कान देऊन ऐका. 'मंमं करायची', 'हात धू', 'चप्पल घाल', 'चला, निन्नी'. भाऊ आल्यापासून तर यात भरच पडली असणार. तिची भांडणं, मैत्रिणी, 'असं का होतं' आणि 'मी नाही केलं', हे सगळं जर्मनमध्ये घडतंय. मराठी उरली ती अंघोळ, जेवण आणि झोपेपुरती. दोन वर्षांची असताना तिला जेवढी मराठी पुरत होती तेवढीच आजही मिळत असेल, तर मराठीत ती दोन वर्षांचीच राहणार. मला याची खरोखर काळजी वाटते. अशी मुलं आठ-नऊ वर्षांची झाली की पाहुण्यांसमोर मराठी बोलायला लाजतात, आणि मग बोलणंच सोडतात.

म्हणून तिला मराठीत मोठ्या मुलीचं बोलणं करायला लावा. किंडरगार्टनमध्ये भांडण झालं असेल तर 'तुझंच बरोबर कसं, ते मला पटवून दे' म्हणा. मध्येच जर्मन शब्द आले तर येऊ द्यात. फोडणी देताना मोहरी का तडतडते, विचारा. आधी तिला अंदाज करू द्या, मग सांगा की दाण्यातल्या पाण्याची वाफ होते आणि ती साल फोडून बाहेर येते. असं बोलणं लाडिक सुरात करताच येत नाही. मुद्दा मांडायचा म्हटलं की आवाज आपोआप सरळ होतो.

ऐन वेळी काय करायचं ते थोडक्यात. ती नाकात बोलली की चेहरा शांत ठेवा आणि 'नेहमीच्या आवाजात सांग, मी ऐकतेय' एवढंच म्हणा. तिनं सांगितलं की हातातलं काम टाकून लगेच लक्ष द्या. उच्चार चुकला तर टोकू नका. 'भूत लादली' म्हणाली की 'भूक लागली? चल, पोळी वाढते' असं नीट बोलून पुढे जा. नक्कल पुन्हा नको, 'बाळसुद्धा असं बोलत नाही' हेही नको. ती आजारी असेल, पडली असेल, घाबरली असेल, तर आवाजाचा विषयच काढू नका. आणि झोपताना दहा मिनिटं तिला मांडीवर घेऊन खुशाल बाळ होऊ द्या, तेव्हा 'छकुली'ही चालेल. सुरुवातीचे काही दिवस ती जास्तच ताणून बघेल, तेवढं धरून राहा.

आता आज्जी. त्यांच्यावर रागावू नका. या नातीचं रांगणं, पहिलं पाऊल, पहिला दात, बहुतेक सगळं त्यांनी पडद्यावरच पाहिलं असणार. बोबडे बोल हा एवढाच लहानपणाचा तुकडा त्यांच्या हाताला लागलाय, तो सुटू नये असं त्यांना वाटणारच. 'तिला असं बोलू देऊ नकोस' म्हणालात तर त्या दुखावतील आणि फोनवर गप्प बसतील. त्यापेक्षा त्यांना काम द्या. तुमच्याकडे संध्याकाळचे सात म्हणजे सांगलीत उन्हाळ्यात साडेदहा आणि हिवाळ्यात साडेअकरा. पोर दमलेली, आज्जी पेंगुळलेली. कॉल शनिवारी सकाळी नऊला न्या. सांगलीत दुपार असते, आज्जी भाकरी थापत असतील तर कॅमेरा परातीकडे वळवू द्या. आज्जींनी विचारावं, 'भाकरी फुगली का न्हाई बघ गं,' आणि नातीनं सांगावं. गोष्ट अर्धी सोडून 'पुढं काय झालं असंल, पुढच्या शनवारी तू सांग' म्हणावं. नात नीट बोलल्यावर आज्जी कौतुकानं हसल्या, तर त्याचा जोर तुमच्या दहा सूचनांपेक्षा जास्त असेल.

सुट्टीत सांगलीला याल तेव्हा तिला नातेवाइकांसमोर 'गाणं म्हणून दाखव' करू नका. दुकानात भडंगाची पुडी तिलाच मागू द्या, गणपतीच्या देवळापर्यंत किती घेणार हे रिक्षावाल्याला तिलाच विचारू द्या. हरिपूरला कृष्णा आणि वारणा कुठं मिळतात ते दाखवा, तिथल्या हळदीच्या पेवांची गोष्ट सांगा. जमिनीखाली खड्डा खणून त्यात हळद साठवायची, ही कल्पनाच या वयाला किती भावेल! परतल्यावर ही गोष्ट बाबांना सांगायचं काम तिचं.

एक गोष्ट मात्र तपासून घ्या. र, ळ, श आणि जोडाक्षरं बऱ्याच मुलांना पाच-सहा वर्षांपर्यंत नीट जमत नाहीत. खेळात रमलेली असताना ती 'क' आणि 'ग' स्वच्छ म्हणते का ते ऐका. म्हणत असेल तर ही सवय आहे. कधीच म्हणत नसेल, परक्यांना तिचं बोलणं कळत नसेल, किंवा सर्दीनंतर टीव्हीचा आवाज वाढवायला सांगत असेल, तर आधी कान दाखवा. पडद्यामागे पाणी साठलं की ऐकू कमी येतं. येत असलेले शब्दच हरवत असतील, खेळणं किंवा नजरेला नजर देणं कमी झालं असेल, तर बालरोगतज्ज्ञांकडे लगेच जा. वाचा-उपचारतज्ज्ञांना ती दोन्ही भाषा बोलते हे सांगा. सांगली-मिरजेतल्या मुक्कामात मराठी ऐकणारे तज्ज्ञ गाठता आले तर उत्तमच. आणि कुणी 'घरात फक्त जर्मन बोला' असा सल्ला दिला तर तो मानू नका. दोन भाषांमुळे बोलणं बिघडत नाही.