राणीछाप विकायचेत? आधी वेगळे करा, मग वजनाला घाला

प्रश्न : आमच्या आजेसासूबाईंच्या पेटीत ६५ जुने रुपये निघाले. १४ राणीचे (व्हिक्टोरियाचे, म्हणजे राणीछाप), ३० पंचम जॉर्जचे, १५ सहाव्या जॉर्जचे १९४० ते ४५ मधले, ४ वर मागे वाघ आहे आणि २ नुसतीच जाड वेडीवाकडी, फारसी अक्षरांची. गावातले सराफ म्हणाले सगळी सरसकट अर्धी चांदी धरतो आणि ती दोन वाकडी मोडीत घालतो. नाणी घेणारा एकजण फोनवर म्हणतो घासून स्वच्छ करून आणा. काय करू? – एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, पहिलं सांगतो, घासू नका. चिंच नको, रांगोळी नको, लक्ष्मीपूजनाला आपण करतो तसं चकचकीत तर मुळीच नको. जुन्या चांदीवर जी काळपट झाक येते ना ती संग्राहकाला हवीच असते, आणि घासलं की बारीक चरे पडतात ते भिंगातून लगेच दिसतात, मग ते नाणं कितीही दुर्मिळ असो, भाव पडतो तो पडतोच. जो विकत घेणारा स्वतःच घासून आणा म्हणतो त्याला मी तरी माझं नाणं दाखवणार नाही.

आता चांदी. राणीचा आणि पंचम जॉर्जचा कलदार (यंत्रावर पाडलेला) रुपया ११.६६ ग्रॅमचा, त्यात ९१.७ टक्के चांदी, म्हणजे एका रुपयात साधारण १०.६९ ग्रॅम शुद्ध. १९४० पासून युद्धाच्या काळात सरकारने चांदी कमी करून निम्मी केली, म्हणून तुमच्या सहाव्या जॉर्जच्या १५ रुपयांत प्रत्येकी ५.८३ ग्रॅमच आहे, तिथे सराफांचं बरोबर. पण तोच हिशोब त्यांनी आधीच्या ४४ नाण्यांना लावला तर तुमची २१० ग्रॅमहून जास्त चांदी फुकट गेली! टंच (चांदी किती शुद्ध ते) काढायला सांगा, ते पण तुमच्या डोळ्यांसमोर. आणि वाघवाले चार १९४७ चे निघतील, ते चांदीचे नाहीतच, निकेलचे आहेत. घरातलं लोहचुंबक लावून बघा, चिकटतील. चांदी चिकटत नाही. हे आधीच बाजूला काढलं तर दुकानात उगाच वाद होत नाही.

वजनाच्या वरचा भाव हा वेगळा विषय. सगळ्याच राणीछापांना तो मिळत नाही, हेही मनाची तयारी करून ठेवा, कारण ते लाखोंनी पाडले गेले. इसवी सन, टांकसाळीची खूण (मुंबईच्या काही रुपयांवर बारीक ठिपका असतो) आणि डोक्यावरचे केस, मुकुटाची नक्षी किती शाबूत आहे यावर ठरतं. राणीच्या नाण्यांवर १८६२ दिसलं म्हणून एकदम हुरळून जाऊ नका, पुढे कितीतरी वर्षं तेच साल पाडत होते, मागच्या बाजूच्या ठिपक्यांवरून खरं वर्ष ओळखतात, ते जाणकाराचं काम. तुमच्याकडे १९३९ चा रुपया नाही, तो फार दुर्मिळ, तो असता तर मी तुम्हाला थांबाच म्हटलं असतं, पण त्याचे नकली पण भरपूर फिरतात. कडी लावून माळेत ओवलेली असतील ती बहुतेक चांदीच्याच भावात जातात.

आणि ती दोन वाकडी. ताई, कृपा करून ती मोडीत घालू देऊ नका. पेशव्यांच्या काळात आपल्याकडच्या टांकसाळींत पाडलेल्या रुपयांवर मोगल बादशहाचं नाव फारसीत असायचं, त्यामुळे आपल्याच लोकांना ती परकी वाटतात आणि सराफाच्या मुशीत जातात. भिंग घेऊन बघा, कुठे अंकुशाची खूण दिसते का. दिसली तर पुण्याचा अंकुशी रुपया असू शकतो. चांदवडच्या टांकसाळीचे चांदोरी रुपयेही होते. एकदा वितळलं की ते कोणी परत पाडणार नाही, आणि हे तुमच्या सासरच्या माणसांनी दीडदोनशे वर्षं जपून ठेवलंय हो! नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे, तिथे नाण्यांचं संग्रहालय पण आहे, तिकडे जाणं झालं तर ही दोन दाखवून घ्या.

विकताना दोन्ही बाजूंचे फोटो आणि वजन वहीत लिहून ठेवा, निदान तीन ठिकाणी विचारा, नाणी कोणाकडे ‘बघून सांगतो’ म्हणून ठेवून येऊ नका. लिलावात जास्त मिळू शकतं पण वेळ लागतो आणि कमिशन कापतात, किती ते आधी लेखी घ्या. पैसे बँकेत, पावती नाण्यांच्या संख्येसकट. फायद्यावर कर लागू शकतो, तेवढं सीएला विचारा.

प्रश्न : माझ्याकडे १९११ चा रुपया आहे. एकाने व्हॉट्सॲपवर ९ लाख देतो म्हटलं, फक्त रिझर्व्ह बँकेची फी म्हणून आधी ४,५०० भरा म्हणतो. – काका, नांदेड

उत्तर : काका, एक पैसा भरू नका, नंबर ब्लॉक करा. रिझर्व्ह बँक असल्या व्यवहारात कधीच नसते आणि फी पण घेत नाही, २०२१ मध्ये तिने स्वतः लोकांना तसं सावध केलंय. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला फोन करा. तुमचं नाणं मात्र खरंच गमतीचं आहे. राजाच्या अंगरख्यावरच्या हारातला हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, ओरड झाली आणि पुढच्या वर्षी हत्ती नीट कोरला. इतर पंचम जॉर्जपेक्षा ते कमी सापडतं, म्हणून बरी किंमत येते, पण ९ लाख हे तुम्हाला फसवायला सांगितलेलं आहे.

प्रश्न : मुलगा न्यू जर्सीत आहे, तिथे डॉलरमध्ये चांगला भाव येईल म्हणतो. राणीचे रुपये त्याच्यासोबत पाठवू का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही. १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावस्तू धरतात आणि ते देशाबाहेर न्यायला बंदी आहे, विमानतळावर सापडलं तर मुलगाच अडकेल. राणीचं प्रत्येक नाणं त्यात बसतं. इथेच विका, आणि ज्याला विकाल त्याच्याकडे पुरातत्त्व खात्याचा परवाना आहे का ते विचारा, असल्या नाण्यांचा धंदा करायला तो लागतो. घरातली नाणी एकदा विकणं म्हणजे धंदा नव्हे, तेव्हा तुम्हाला त्याची काळजी नको.