पापणीचं ऑपरेशन झालेला रॉटवायलर शोला उतरवावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोथरूडमध्ये वाढलेला १४ महिन्यांचा रॉटवायलर नर. आठव्या महिन्यात दोन्ही डोळ्यांच्या खालच्या पापण्यांचं एन्ट्रोपियनचं (पापणी आत वळण्याच्या दोषाचं) ऑपरेशन झालं, व्रण आता शोधूनही सापडत नाही. ब्रीडर आणि हँडलर (रिंगमध्ये कुत्रा चालवून दाखवणारा) दोघंही म्हणतात, डिसेंबरच्या डॉग शोला बिनधास्त उतरवा, सगळेच करतात. हे काही रूप खुलवायचं ऑपरेशन नव्हतं, असंही हँडलरचं म्हणणं. तुम्हाला ते खटकतंय, पण त्यांच्याशी वाद घालायला मुद्दा सापडत नाहीये.

माझं मत: उतरवू नका. आणि ऑपरेशन केलंत ते योग्यच केलंत, त्याबद्दल मनात काही ठेवू नका.

पापणी आत वळली की प्रत्येक उघडझापीला केस बुबुळावर घासतात. डोळा गळतो, लाल होतो, पुढे अल्सर होतो आणि दुर्लक्ष केलं तर नजर जाते. त्यामुळे हे काही रूप खुलवायचं ऑपरेशन नव्हतं, हे हँडलरचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. फक्त त्याचा प्रश्नाशी संबंध नाही. ऑपरेशन कशासाठी केलं हे रिंगमध्ये कोणी विचारत नाही. तिथे प्रश्न एवढाच असतो की जजसमोर उभा असलेला कुत्रा जन्माने तसा आहे की नाही.

एफसीआय या केनेल क्लबांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या रॉटवायलर स्टँडर्डमध्ये, म्हणजे जात कशी असावी याच्या अधिकृत वर्णनात, एन्ट्रोपियन हा थेट बाद करणारा दोष आहे. ऑपरेशन केल्याने दोष दिसेनासा झाला, पण कुत्र्याच्या रक्तातून तो गेलेला नाही. अमेरिकन केनेल क्लबचा नियम याबाबत फार स्पष्ट आहे. जन्मजात किंवा आनुवंशिक दोष झाकणारी वा नाहीसा करणारी कोणतीही प्रक्रिया झाली, तर कुत्र्याचं रूप कृत्रिमरीत्या बदललं असं धरतात आणि तो रिंगमधून बाद. पापण्यांची दुरुस्ती, पगच्या चिमटलेल्या नाकपुड्या मोकळ्या करणं, लांबलेला मऊ टाळू कापणं, न उतरलेला वृषण खाली आणून बसवणं, दातांना तारा लावणं, हिप डिस्प्लेझियाचं (खुब्याचा सांधा नीट न बसण्याचं) किंवा गुडघ्याच्या सरकणाऱ्या वाटीचं ऑपरेशन, सगळं त्यात येतं. मोडलेला पाय जोडणं, सिझेरियन, गाठ काढणं हे मात्र चालतं. बेंबीचा हर्नियाही चालतो, जो बऱ्याचदा आनुवंशिक असतो. तो का चालावा याचं पटेल असं उत्तर मला आजवर कोणी दिलेलं नाही. आणि त्याच नियमांत हौसेने कापलेली शेपटी आणि कान मात्र चालतात! म्हणजे नियम करणारे काही संत नव्हेत. पण पापणीबाबत त्यांचं बरोबर आहे.

का, ते नीट सांगतो, कारण तुमच्या खटकण्याचं मूळ तिथे आहे. एन्ट्रोपियन एका जीनचा खेळ नाही. डोक्याची ठेवण, कातडीचा सैलपणा, डोळ्याची खोबण अशा अनेक गोष्टी मिळून तो येतो. त्यामुळे रक्त तपासून 'हा वाहक, हा नाही' असं सांगणारी चाचणी त्याला नाही. ब्रीडरच्या हातात एकच साधन उरतं: कुत्रा, त्याचे आईबाप आणि भावंडं डोळ्यांनी बघायची आणि लिहून ठेवायची. ऑपरेशनबद्दल गप्प राहिलं की नेमकं तेच साधन निकामी होतं. जजला कुत्र्यामागे जेमतेम दोन-तीन मिनिटं मिळतात. दात बघतो, वृषण हाताने चाचपतो, चाल बघतो. केस उगवलेला बारीक व्रण त्याला दिसणार नाही. तो पहिला नंबर देईल, आणि पुण्यात पहिला नंबर लागल्यावर काय होतं हे तुमच्या हँडलरला चांगलं माहीत आहे. मेटिंगसाठी फोन येतात. दोन-चार लिटर (एका वेळची पिल्लं) होतात. मग हडपसरचं एखादं कुटुंब 'चॅम्पियनचं पिल्लू' म्हणून दुप्पट पैसे मोजतं आणि सहा महिन्यांनी त्याच ऑपरेशनचं बिल भरतं. त्यांना कोणी विचारलेलंच नसतं.

हिपच्या बाबतीत हे आणखी पुढे गेलंय. पिल्लू साधारण तीन ते पाच महिन्यांचं असताना जघनास्थीचा वाढीचा सांधा जाळून बंद करायचं एक ऑपरेशन असतं. मग वाढताना खुबा मांडीच्या हाडाच्या डोक्यावर जास्त चांगला बसतो. कुत्र्याचं भलं होतं, बाहेरून जवळपास काही कळत नाही, आणि मोठेपणी काढलेला एक्स-रे त्याच्या जीन्सपेक्षा सरस दिसतो. म्हणून हे करताना नसबंदीही करावी असा सल्ला सर्जन देतात. तो सल्ला न मानता त्या एक्स-रेवर पिल्लं विकली, तर त्याला मी सरळ फसवणूक म्हणेन.

आता दुसरी बाजू, कारण ती हलकी नाही. नियम कडक असले की काही मालक ऑपरेशनच पुढे ढकलतात. शोचा सीझन होईस्तोवर थेंब घालत बसतात आणि कुत्रा डोळे किलकिले करून उभा राहतो. हे मी पाहिलंय, आणि अशा वेळी नियमाचा राग येतो. पण यावर उपाय दडवण्याला मोकळीक देणं हा नाही, नोंद ठेवणं हा आहे. ब्रिटिश केनेल क्लबने व्हेटना सिझेरियन आणि रचना बदलणारी ऑपरेशन्स कळवायची सोय केली आहे. नोंदणी करतानाच मालकाची त्याला संमती धरली जाते. २०१२च्या क्रफ्ट्समध्ये, म्हणजे त्यांच्या मोठ्या वार्षिक डॉग शोमध्ये, तर १५ जातींच्या विजेत्यांना स्वतंत्र व्हेटसमोर जावं लागलं आणि सहा जातींचे विजेते पुढच्या फेरीतून बाद झाले. व्हेटच्या हातात पेन-टॉर्चपलीकडे काही नव्हतं. किती आरडाओरडा झाला होता तेव्हा! आपल्याकडे अशी नोंद सक्तीने होताना मी पाहिलेली नाही, त्यामुळे सगळा भार मालकाच्या सचोटीवर येतो, आणि तो नेमका पहिल्यांदा शो बघणाऱ्या माणसावर पडतो, हे अन्यायाचंच आहे.

एक अपवाद तपासून घ्या. डोळ्याला जखम किंवा अल्सर झाल्यावर वेदनेने पापणी आत ओढली जाते. ते आनुवंशिक नसतं. बधिर करणारे थेंब टाकल्यावर पापणी सरळ होते का, यावरून व्हेट ते ओळखतात. तुमच्या डॉक्टरांकडून ऑपरेशनआधीची नोंद मागवा. पण दोन्ही डोळे, आठवा महिना आणि रॉटवायलर हे बघता मला तरी फारशी आशा वाटत नाही.

मग करायचं काय? ब्रीडरला फोनवर नाही, मेसेजवर विचारा: आईबापांपैकी कोणाच्या पापण्यांना हात लागलाय का, आणि याच लिटरमधल्या बाकीच्या पिल्लांचं काय? 'सगळेच करतात' म्हणणाऱ्याकडून सरळ उत्तर येईल असं नाही, पण न आलेलं उत्तरही हातात राहील. भावंडांचे मालक माहीत असतील तर त्यांना कळवा; त्यांनी अजून डोळे दाखवलेही नसतील. रिंगची हौस असेल तर ओबीडियन्सला (आज्ञापालनाच्या स्पर्धेला) उतरवा, तिथे पापणी कोणी मोजत नाही, आणि रॉटवायलरइतकं मन लावून काम करणारी जात शोधावी लागेल. मेटिंगला नाही म्हणा, ओळखीतल्यांनाही. नसबंदीचा विचार असेल तर एक बरं आहे की तुम्ही वर्षाच्या आत केली नाहीत. रॉटवायलरमध्ये वर्षाच्या आत केल्यास हाडांच्या कॅन्सरचा धोका वाढलेला आढळला आहे. आता करायची की आणखी थांबायचं, हे त्याचे सांधे तपासून व्हेटशी बोलून ठरवा.