नाल्यात कागद कारखान्याचं पाणी : बाटली विकत घेऊ नका, आधी मोटर बंद करा

प्रश्न : वरच्या अंगाला कागद कारखाना आहे. त्याचं तांबूस, फेसाळ पाणी आमच्या नाल्यात येतं आणि तेच आम्ही उसाला उचलतो. रान कडक झालंय, पाणी साचून राहतं, ऊस पिवळा पडलाय. दुकानदारानं ह्युमिक ॲसिड आणि ‘क्षार मोडणारं’ औषध दिलंय. एकरी किती सोडावं?

उत्तर : एक थेंबही सोडू नका. क्षार मोडणारं औषध बाजारात नाही, कोणत्याच कंपनीचं नाही.

तांबूस-काळा रंग आणि लवकर न विरणारा फेस असेल, तर ते लगदा शिजवल्याचं पाणी समजा. बांबू, बगॅस, काड कॉस्टिक सोड्यात शिजवतात. त्यातून झाडाचे तंतू जोडून ठेवणारं लिग्निन निघतं, तो रंग त्याचाच. सोबत सोडिअम येतं, आणि तुमच्या रानाचं नुकसान ते करतं. बल्लारपूरसारख्या मोठ्या कारखान्यात हे काळं द्रव आटवून बॉयलरमध्ये जाळतात आणि सोडा परत काढून घेतात. जिथे ही सोय नाही किंवा नीट चालवली जात नाही, तिथे सोडा नाल्यात येतो. काळ्या मातीच्या कणांवर बसलेलं कॅल्शिअम हुसकून सोडिअम तिथे बसतं. मग माती विस्कटते, छिद्रं बुजतात, वाफसा येत नाही आणि मुळांना हवा मिळत नाही. ऊस पिवळा दिसतो तो मूळ गुदमरल्यामुळे. नत्राची कमतरता समजून युरिया वाढवला, तर सामू (पीएच) साडेआठच्या वर गेलेल्या रानात त्यातला बराचसा अमोनिया होऊन उडून जातो आणि पाणी साचलेल्या जागी उरलेलाही वाया जातो. पीक पिवळं दिसलं की युरिया, मग ह्युमिक, मग सूक्ष्म अन्नद्रव्यं, मग ठिबकमधून ॲसिड, अशी यादी दुकानातून मिळते. माती तपासल्याशिवाय यातलं काहीही घेऊ नका. दुकानदाराला तुमच्या मातीतलं सोडिअम माहीत नसतं. त्याला तुमची उधारी माहीत असते.

आता काय करायचं ते सांगतो. क्रम बदलू नका.

नाल्यावरची मोटर बंद करा. विहीर, शेततळं, शेजाऱ्याशी पाळी, जे जमेल ते बघा. क्षेत्र कमी करावं लागलं तरी करा. नाल्याचं पाणी उचलावंच लागलं तर पेरणी आणि उगवणीच्या वेळी कधीही नाही. मार्च ते मे या काळात तर अजिबात नाही, कारण तेव्हा नाल्यात स्वतःचं पाणी नसतं, सगळं कारखान्याचंच असतं. पहिल्या एक-दोन पुरांचं पाणीही घेऊ नका. उन्हाळाभर साचलेली घाण त्यातच वाहून येते.

दोन बाटल्या भरा, एक नाल्याची, एक विहिरीची. नाल्यालगतच्या विहिरीत हेच पाणी पाझरत असतं. बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळून काठोकाठ भरा आणि त्याच दिवशी प्रयोगशाळेत द्या. मातीचे नमुने 0 ते 30 आणि 30 ते 60 सेंटिमीटर असे वेगळे काढा. मृदा आरोग्य पत्रिकेवर विसंबू नका. तिच्यात 12 घटक असतात, पण विनिमययोग्य सोडिअम, म्हणजे मातीच्या कणांना चिकटलेलं सोडिअम, त्यात नाही. ते वेगळं मागा. ते 15 टक्क्यांच्या वर आणि सामू 8.5 च्या वर असेल तर रान चोपण झालं, म्हणजे सोडिअमनं बिघडलं. पाण्याची विद्युत वाहकता (क्षारांचं माप) 2.25 डेसिसायमन प्रति मीटरच्या वर किंवा सोडिअमचं गुणोत्तर (एसएआर, म्हणजे कॅल्शिअम-मॅग्नेशिअमच्या मानानं सोडिअम किती) 10 च्या वर गेलं, तर काळ्या रानाला ते पाणी नको.

मग चर. मी प्रत्येक चोपण रानात हेच सांगतो आणि प्रत्येक जण हेच टाळतो, कारण चर खणायला शेजाऱ्याशी बोलावं लागतं आणि जिप्सम पोत्यात मिळतं. पण जिप्सम, म्हणजे कॅल्शिअमयुक्त खनिजाची भुकटी, फक्त सोडिअमला मातीच्या कणावरून सोडवतं. सुटलेलं सोडिअम पाण्याबरोबर मुळांच्या खाली जाऊन शेताबाहेर निघायला वाट हवी. वाट नसेल तर ते तिथेच राहतं आणि तुमचे पैसे जातात. उताराच्या अंगानं मोकळे चर काढा, तळ मुळांच्या थराखाली राहू द्या आणि शेवट चालू ओहोळाला जोडा. चार-पाच शेतकऱ्यांनी मिळून काढला तरच तो चालतो.

चर झाल्यावर जिप्सम, तेही प्रयोगशाळेनं काढलेल्या गरजेच्या निम्मं. मेअखेरीस वरच्या थरात मिसळा, खोल नांगरू नका आणि पावसाला काम करू द्या. रब्बीत, चांगलं पाणी हाती नसताना, टाकू नका. शेजाऱ्यानं दहा पोती टाकली म्हणून तुम्ही वीस टाकू नका. गंधक चालतं, पण अहवालात मुक्त चुना दिसला तरच. खरिपात धैंचा पेरा आणि फुलोऱ्याआधी गाडा. चोपण रानात इतर हिरवळीची पिकं रडतात, तिथे धैंचा उभा राहतो. घेवडा, मूग, हरभरा या रानात दोन वर्षं घेऊ नका.

जिप्समचं अनुदान असेल तर महाडीबीटी या सरकारी योजनांच्या संकेतस्थळावर बघा, नाहीतर तालुका कृषी कार्यालयात विचारा. पीक विम्यात हे नुकसान धरत नाहीत.

प्रश्न : कारखान्याची माणसं अहवाल दाखवतात आणि म्हणतात, पाणी प्रदूषण मंडळाच्या मर्यादेत आहे, बिनधास्त शेतीला घ्या. खरं काय? तक्रार कशी करायची?

उत्तर : लहान कागद कारखान्यांच्या नियमात नदी-नाल्यात सोडायच्या पाण्याला जैविक ऑक्सिजन मागणी (पाण्यातली घाण कुजायला लागणारा ऑक्सिजन) लिटरला 30 मिलिग्रॅम, जमिनीवर सोडायला 100, आणि जमिनीसाठी सोडिअमचं गुणोत्तर 26 पर्यंत चालतं. हा 26 चा आकडा नीट लक्षात ठेवा. सिंचनाच्या वर्गवारीत 18 ते 26 म्हणजे जास्त धोक्याचं पाणी. रेताड, निचऱ्याच्या जमिनीत ते कसंबसं खपतं, काळ्या रानात नाही. म्हणजे अहवाल खरा असला, पाणी कायद्यात बसत असलं, तरी तुमचं रान चोपण होऊ शकतं. ‘मर्यादेत आहे’ हे ऐकून मोटर चालू करू नका.

दुसरं, मर्यादा लिटरमागे असते. शुद्धीकरणाच्या टाकीनंतर बोअरचं तेवढंच पाणी मिसळलं की आकडा निम्मा होतो, घाण तेवढीच राहते. म्हणून अहवाल बघण्याआधी प्रदूषण मंडळानं कारखान्याला दिलेलं संमतीपत्र बघा. दिवसाला किती घनमीटर पाणी आणि ते कुठे सोडायचं, हे त्यात लिहिलेलं असतं. स्वतःच्या जमिनीवर सिंचनासाठी अशी अट असेल, तर नाल्यात सोडलेली एक बादलीही अटीचा भंग आहे, आकडा कितीही चांगला असो.

तक्रार महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या उपप्रादेशिक अधिकाऱ्याकडे लेखी द्या, पोच घ्या, प्रत जिल्हाधिकाऱ्यांना द्या, ग्रामसभेचा ठराव जोडा. पाणी कुठून सुटतं, कोणत्या दिवशी, किती वाजता, हे फोटोसह लिहा. बहुतेक वेळा ते रात्री किंवा पावसाच्या सरीत सुटतं, म्हणून दुपारी पाहणी मागण्यात अर्थ नाही. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडताना दिसले तर तेव्हाच मंडळाला कळवा. पाण्यातला ऑक्सिजन पहाटे सर्वात कमी असतो.

तुम्ही भरलेली बाटली पिकाचा निर्णय घ्यायला पुरते, खटल्यात नाही. 1974 च्या जल प्रदूषण कायद्याच्या कलम 21 प्रमाणे मंडळाच्या अधिकाऱ्यानं कारखान्याला कळवून, दोन भाग करून, सीलबंद घेतलेला नमुनाच पुरावा ठरतो. तोच घ्यायला लावा. कलम 33 अ खाली मंडळ कारखान्याची वीज-पाणी तोडू शकतं. मंडळ हललं नाही तर कलम 49 खाली 60 दिवसांची नोटीस देऊन तुम्ही स्वतः न्यायालयात जाऊ शकता. भरपाईसाठी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं पुणे खंडपीठ आहे. अर्जाला नुकसान सुरू झाल्यापासून पाच वर्षांची मुदत असते, ती घालवू नका. त्यासाठी आत्ताच तलाठी आणि कृषी सहायकाकडून पंचनामा करून ठेवा. नुकसान दिसत असताना केलेला पंचनामाच टिकतो.

प्रश्न : आमच्याकडचा कारखाना रद्दीवर चालतो, पाणी करडं-पांढरं येतं. गाळ फुकट देतात, खत म्हणून टाकू का?

उत्तर : नको. रद्दीच्या कारखान्यात लगदा शिजवत नाहीत, म्हणून सोडिअम कमी असतं, पण पाण्यात कागदाचे तंतू, स्टार्च आणि चिकणमाती असते. तंतूंचा थर वाळून जमिनीचं तोंड बंद होतं, ठिबकच्या गाळण्या तुंबतात. गाळात कर्ब भरपूर आणि नत्र नावाला, त्यामुळे कुजताना तो मातीतलाच नत्र ओढून घेतो. मळी म्हणून कोणी ट्रॉली आणून टाकत असेल तर ती साखर कारखान्याची आहे का, हे आधी विचारा. चुन्याचा पांढरा गाळ तर चुनखडीच्या काळ्या रानात मुळीच नको. तो जिप्सम नाही, जिप्समचं काम करत नाही, आणि एजंटानं तसं सांगितलं तर ट्रॉली बांधावरूनच परत पाठवा.