दादरला उतरायचं असेल तर

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

लोकलमधली माणसं तुसडी आहेत, असं लिहिलंस. साताऱ्याहून नुकता आलायस, तसं वाटणारच. पण सकाळी कल्याणहून मुंबईकडे येणाऱ्या फास्टमध्ये ‘माफ करा’, ‘धन्यवाद’ म्हणायला कुणाला सवड नसते. पुढच्याला वेळेवर विचारलं आणि अंग चोरून उभं राहिलं, की झाला तिथला सभ्यपणा.

उतरण्याचंच घे. कुर्ला यायच्या आत समोरच्याच्या खांद्याशी हळूच म्हणायचं, ‘दादर?’ तो ‘हो’ म्हणाला तर गुपचूप त्याच्या मागे राहा. ‘नाही’ म्हणाला तर तोच अंग वळवून तुला पुढे काढेल. असं एकेक करत दारापाशी पोचतोस. प्लॅटफॉर्म कुठल्या बाजूला येणार, तेही विचारून ठेव. काहीच न विचारता गाडी थांबल्यावर कोपरं मारत निघालास तर शिव्या पडतील, आणि मी तुझी बाजू घेणार नाही.

सॅक चढण्याआधीच पोटावर घे. आत शिरलास की पुढे दे, हातोहात रॅकवर जाते आणि उतरताना तशीच परत येते. दारात ती पाठीवर नकोच. 9 जून 2025 ला मुंब्र्याजवळ दारात लटकलेली माणसं पडून जीव गेले. शेजारून जाणाऱ्या गाडीतल्यांच्या सॅका घासल्या, असं तेव्हा बोललं जात होतं.

बाक तिघांचा, बसतात चौघं. ‘सरका जरा’ म्हटलं की तिघांनी सरकायचं. चौथ्याने मात्र नुसतं टेकायचं, ऐसपैस बसायचं नाही. घाटकोपर गेलं की बसलेल्याने उठून उभ्याला जागा द्यायची, ही आमच्या डब्याची रीत. सगळीकडे नसेल, तू दे.

डोंबिवलीहून उलटं कल्याणला जाऊन बसून येणारे भेटतील. मला ते पटत नाही, पण पास काढलेला असेल तर बोलणार काय? ग्रुपसाठी बॅगा ठेवून जागा अडवतात ती मात्र निव्वळ दांडगाई. तिथे नवा म्हणून गप्प राहू नकोस. ‘इथे कोण आहे?’ विचारायचं आणि बसायचं.

पावसात ओली छत्री पिशवीत घाल, दुसऱ्याच्या बुटांवर गळू देऊ नकोस. मोबाईलवर काय बघायचं ते हेडफोन लावून बघ. हेडफोन घरी राहिला तर सरळ झोप काढ, थोड्या दिवसांत उभ्याउभ्याही जमते.

तुझा,
काका