विद्यापीठात येतोयस तर

गड्या, संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात एम.ए.ला नंबर लागला ना, मग आधी वसतिगृहाचा अर्ज भर. यादीची वाट बघत गावाकडं बसलास तर ऐनवेळी विद्यापीठाजवळच्या बेगमपुऱ्यात खोली हुडकत फिरशील. खोली घ्यावीच लागली तर तिघांत घे. मेसचे पैसे मात्र महिन्याच्या महिन्यालाच दे. मी सहा महिन्यांचे एकदम दिले आणि दुसऱ्याच महिन्यात मेसवाला गायब!

महाडीबीटीचा, म्हणजे सरकारी शिष्यवृत्तीचा ऑनलाइन अर्ज लवकर भर, आधार बँक खात्याला जोडलेलं आहे का तेही बघ. शिष्यवृत्ती तशीही उशिरा येते, तिच्या भरवशावर उधारी नको. शिकताना विद्यापीठातच काम करून पैसे मिळवायच्या 'कमवा आणि शिका' योजनेबद्दल विभागात विचार. दर महिन्याला बापाकडं पैसे मागताना जीभ अडायची माझी, ती तिथं सुटली.

अभ्यासाचं म्हणशील तर एखादा तास बुडव, पण ग्रंथालयातली जागा सोडू नको. झेरॉक्स नोट्सवर पास होता येतं, प्राध्यापकीसाठीची सेट-नेट परीक्षा निघत नाही.

आणि 14 जानेवारीला गावी पळू नको. 1994 साली याच दिवशी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव जोडून नामविस्तार झाला. त्या दिवशी गेटपाशी लोटणारी गर्दी एकदा बघच. संक्रांतीचा तिळगूळ काय, आई राखून ठेवते.