धसमुसळा विनोद, पाचकळ नव्हे

प्रश्न: कीस्टोन कॉप्सचे जुने मूकपट नुकतेच पाहिले. त्यांच्यावरच्या एका लेखात त्या विनोदाला 'पाचकळ' म्हटले आहे. 'स्लॅपस्टिक'ला हा प्रतिशब्द बरोबर आहे का? नसल्यास कोणता वापरावा? शिवाय 'कॉप' हे 'कॉन्स्टेबल ऑन पेट्रोल'चे लघुरूप आहे, असेही त्या लेखात म्हटले आहे. ते खरे का?

उत्तर: पहिले बरोबर नाही आणि दुसरे खरे नाही.

'पाचकळ' हा मुख्यतः जिभेचा दोष आहे. माणूस पाचकळ बोलतो, पाचकळ कोट्या करतो, चारचौघांत पाचकळपणा करून घरच्यांना मान खाली घालायला लावतो. मूकपटाला जीभ कुठली? मॅक सेनेटने 1912 साली लॉस एंजेलिसच्या ईडनडेल भागात कीस्टोन स्टुडिओ थाटला आणि ढगळ गणवेशातली, मोठाल्या मिशांची पोलिसांची पलटण पडद्यावर सोडली. ही मंडळी एकाच मोटारीत दहा-बाराजण कोंबून निघतात, वळणावर निम्मे सांडतात, उरलेले ओंडक्यासारखे एकमेकांवर आदळतात आणि चोर मागच्या मागे पसार होतो. यात पाचकळ बोलायला कुणाला सवड आहे? पाट्यांवर येणारी चार वाक्ये सोडली तर सगळा कारभार कोपर, गुडघे आणि बूड यांचा.

उलट बाजूची चूक तर याहून जास्त कानावर येते. हल्ली कुठल्याही आरडाओरड्याला 'स्लॅपस्टिक' म्हणतात. एका परीक्षणात तर 'खुसखुशीत स्लॅपस्टिक संवाद' अशी चीज वाचायला मिळाली. संवाद स्लॅपस्टिक असूच शकत नाही, मग तो खुसखुशीत असो वा मऊ पडलेला. 'अंगविक्षेपी विनोद' हा पंडिती पर्यायही मला पटत नाही. अंगविक्षेप एकटा माणूस रिकाम्या खोलीत करू शकतो. स्लॅपस्टिकला आपटायला समोर काहीतरी लागते. भिंत चालेल, शिडी चालेल, साहेबांचे डोके उत्तम. 'प्रहसन' आणि 'फार्स' हे शब्द बाजूलाच ठेवा, ती नाट्यप्रकारांची नावे आहेत. फार्सला दारे लागतात, स्लॅपस्टिकला पार्श्वभाग पुरतो.

आता मूळ शब्दाकडे येतो, कारण सगळी गंमत तिथेच आहे. स्लॅपस्टिक ही खरोखरची काठी होती. इटलीत 16व्या शतकापासून 'कॉमेदिया देल्लार्ते' नावाची फिरत्या नटांची रंगभूमी होती. तिच्यातला आर्लेक्किनो हा ठिगळांच्या कपड्यांतला नोकर कमरेला एक लाकडी आयुध लटकवून यायचा. दोन पातळ फळ्या मुठीपाशी जोडलेल्या आणि पुढे किंचित विलग. कुणाच्या पाठीत हाणली की फळ्या एकमेकींवर आपटून 'फट्ट' असा जबर आवाज निघे आणि मार खाणाऱ्याला मात्र फारसे लागत नसे. इटालियनमध्ये या आयुधाचे नाव बाताक्क्यो. घंटेच्या आतल्या लोलकालाही त्या भाषेत हाच शब्द आहे, यावरून त्यात मुख्य काय ते ध्यानात यावे. मुख्य आहे तो नाद, मार नव्हे. पुढे लंडनच्या पँटोमाइम या नाट्यप्रकारात हार्लेक्विन, म्हणजे तिथला आर्लेक्किनो, याच फळीने नेपथ्यावर फटका मारी आणि त्या इशाऱ्यावर देखावा बदले. 18व्या शतकात जॉन रिच या नटाने हा प्रकार लोकप्रिय केला. अमेरिकेतल्या हलक्याफुलक्या रंगमंचावर 19व्या शतकाच्या अखेरीस या फळीला 'स्लॅपस्टिक' म्हणू लागले, आणि काठीचे नाव हळूहळू विनोदाच्या जातीला चिकटले. काठी वाद्यवृंदातही जाऊन बसली. फ्रेंच संगीतकार राव्हेलचा जी मेजरमधला पियानो कॉन्चेर्टो याच जोडफळीच्या फटक्याने सुरू होतो.

म्हणजे हा शब्द आवाजाचा आणि तो सर्वांत गाजला मुक्या पडद्यावर! कीस्टोनच्या पोलिसांनी एकमेकांना कितीही बडवले तरी फिल्ममधून 'फट्ट' येत नव्हते. ते पडद्यासमोर बसलेला वाजवणारा पुरवायचा. नट आपटला की तालवाद्यवाल्याने ठोका द्यायचा, ही रीत रंगमंचावरून चित्रपटगृहात आली.

बाताक्क्योच्या मुळाशी लॅटिन 'बात्तुएरे', म्हणजे बडवणे. याच धातूतून इंग्रजीतली 'बॅटल' आली, 'कॉम्बॅट' आले, आणि वाद घालणारी 'डिबेट'ही. फ्रेंचमध्ये बडवण्यावरून तोफांच्या रांगेला 'बात्री' म्हणू लागले, इंग्रजीत तिची 'बॅटरी' झाली. 18व्या शतकाच्या मध्यात बेंजामिन फ्रँकलिनने वीज साठवायच्या बरण्या ओळीने जोडल्या आणि तोफांच्या रांगेवरून त्यांनाही 'बॅटरी' म्हटले. मराठीने पुढची मजल मारून अख्ख्या विजेरीचेच नाव 'बॅटरी' करून टाकले. तेव्हा रात्रीच्या गस्तीवरच्या शिपायाच्या एका हातातली बॅटरी आणि आर्लेक्किनोच्या कमरेची फळी एकाच घराण्यातल्या. शिपायाच्या दुसऱ्या हातात असतो दंडुका, आणि तो तर आपल्या घरचाच. 'दंड' म्हणजे काठी, त्यावरून शिक्षा, त्यावरून वसूल केलेले पैसे. 'दंडवत' म्हणजे काठीसारखे सरळ आडवे होणे. कीस्टोनच्या शिपायाचे वर्णन मराठीत दोन शब्दांत होते: हातात दंडुका, पदोपदी दंडवत.

आपल्याकडच्या विनोदी पात्रालाही काठी होतीच. संस्कृत नाटकातल्या विदूषकाच्या हातात वाकडी काठी असते, नाट्यशास्त्रात तिला 'कुटिलक' म्हटले आहे. 'मालविकाग्निमित्रा'त झोपलेल्या विदूषकाच्या अंगावर ती टाकतात आणि तो साप समजून किंचाळत उठतो. हा प्रवेश सेनेटने जसाच्या तसा उचलला असता.

आता प्रतिशब्द. बैठकीत नवा शब्द घडवण्याची हौस मला समजते, पण इथे गरज नाही. मराठीत शब्द तयार आहे: धसमुसळा. 'स्लॅपस्टिक'शेजारी ठेवून पाहा. तिकडे 'स्लॅप' हा आवाज, 'स्टिक' हे लाकूड. इकडे 'धस' हा आवाज, 'मुसळ' हे लाकूड. दोन भाषांनी एकमेकींचे तोंडही न पाहता एकाच साच्यातून शब्द काढला. यावर एक जाणकार मला नेहमी अडवतात. त्यांच्या मते इथला 'धस' म्हणजे 'धसणे', घुसणे. आवाजाशी त्याचा संबंध नाही. मग छातीत 'धस्स' होते ते काय घुसते? आणि घुसणे हाच अर्थ घ्यायचा, तर मुसळ कुठे घुसते म्हणे? मुसळ उखळात आदळते, आणि आदळताना आवाज करते. कधी कांडण ऐकले असेल त्याने हा वाद घालू नये. व्युत्पत्ती कागदावर लावायची सवय जडली की असे होते.

अर्थाच्या अंगानेही हाच शब्द बसतो. धसमुसळा माणूस दुष्ट नसतो. तो मदतीला धावतो आणि धावता धावता कपाट पाडतो. दांडगा मुद्दाम पाडतो, वेंधळा विसरतो, धसमुसळ्याच्या हातून उत्साहाच्या भरात मोडतोड होते. कीस्टोनचे पोलीस नेमके असेच आहेत. त्यांच्यात लाचखोरी नाही, आळस नाही. फोन आला की फोर्ड स्टर्लिंग या नटाचा तो मुख्य अधिकारी फूटभर उंच उडतो, आणि सगळी पलटण कर्तव्यबुद्धीने दारात अडकते. कॅमेऱ्याचा दांडा हाताने सावकाश फिरवून चित्रण करत, म्हणजे पडद्यावर तेच दुप्पट वेगात दिसे. त्या घाईला 'तारांबळ' म्हणा हवे तर. मंगलाष्टकातल्या 'ताराबलं चंद्रबलं तदेव'वरून हा शब्द आला असे सांगतात. मुहूर्त टळत आलेला, भटजींची जीभ अडखळते आहे, सगळा मांडव अक्षता सावरत उभा, हे चित्र डोळ्यांपुढे आणले की मला तरी ती व्युत्पत्ती खोटी वाटत नाही. पण तारांबळ पाठलागाची, विनोदाची जात धसमुसळीच.

मुसळाचा आणि थट्टेचा संबंध जुना आहे, हेही सांगतो. महाभारताच्या मौसलपर्वात यादवांची पोरे सांबाला पोटुशा बाईचे सोंग देऊन ऋषींपुढे उभा करतात आणि 'हिला काय होईल?' म्हणून विचारतात. पुरुषाने बाईचे सोंग घेणे हा सेनेटच्याही कंपनीचा आवडता प्रकार. फरक इतकाच की ऋषी विनोदाला हसले नाहीत, त्यांनी 'मुसळ होईल' असा शाप दिला आणि यादवांचे कूळ संपले. कीस्टोनच्या गोष्टीत अखेरीस कुणी मरत नाही, नुसते मुसळ केरात जाते: एवढा फौजफाटा, एवढी धावपळ, आणि चोर मोकळाच.

'कॉप'विषयी थोडक्यात, कारण मूर्ख व्युत्पत्तीला जास्त जागा देऊ नये. आद्याक्षरे जोडून रोजच्या बोलण्यातले शब्द घडवायची खोड मुख्यतः 20व्या शतकातली. पोलिसाला 'कॉपर' म्हणणे 19व्या शतकाच्या मध्यापासून छापलेले सापडते. शिवाय 'कॉप' हे 'कॉपर'चे आखूड रूप आहे, मग 'ऑन पेट्रोल'ला 'अर' कुठला लावला? 'कॉपर' म्हणजे तांबे, म्हणून गणवेशावरच्या तांब्याच्या बटणांवरून हे नाव पडले, ही कथाही तशीच. 'कॉप' म्हणजे पकडणे हे बोलीतले क्रियापद 18व्या शतकाच्या आरंभापासून आहे. त्याला 'अर' लावला की 'पकडणारा'. बटणे लागत नाहीत. हे क्रियापद कुठून आले यावर मात्र दोन पक्ष आहेत. एक त्याला फ्रेंचमार्गे लॅटिन 'कापेरे'कडे, म्हणजे घेणे-धरणेकडे नेतो. दुसरा डच 'कापेन'कडे, म्हणजे हिसकावून घेणे. कोशकार पहिल्याकडे झुकतात. मी दुसऱ्याकडे, आणि कारण उघड आहे: डच भाषेत 'कापर' म्हणजे परवाना घेऊन जहाजे लुटणारा चाचा. पोलीस आणि चाचा एकाच क्रियापदाचे निघत असतील, तर असा शब्द मी लॅटिनच्या पदरात सुखासुखी टाकणार नाही. इंग्रजीतला उड्या मारणारा 'केपर' मात्र यात ओढू नका, तो बोकडाच्या लॅटिन नावावरून आलेला.

'कीस्टोन' म्हणजे कमानीच्या माथ्यावरचा, दोन्ही बाजूंना अडवून धरणारा पाचरीच्या आकाराचा दगड. पेनसिल्व्हेनिया रेल्वेच्या बोधचिन्हात त्याचा आकार होता आणि स्टुडिओचे नाव तिथून उचलले, अशी गोष्ट सांगतात. इंग्रजीत आज हे नाव कुठल्याही गोंधळलेल्या यंत्रणेला देतात, फुटबॉलमधल्या विस्कटलेल्या बचावफळीलाही. त्या नावातला 'कॉप्स' सी-ने लिहावा की विनोदासाठी के-ने, यावर तिकडे अजून वाद चालतो. देवनागरीत दोन्ही सारखेच, आपण सुटलो. फक्त 'कॉप्सांनी' लिहू नका. इंग्रजी अनेकवचनावर मराठी अनेकवचन चढवायचे कारण नाही. 'कीस्टोन कॉप्सनी' पुरे, किंवा सरळ 'कीस्टोनच्या पोलिसांनी' लिहा.